११२ वेळा 'ओके मॅम', प्रश्न शून्य

अधोरेखित | ३ ऑगस्ट, २१:४२

नमस्कार मंडळी. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. द्वितीय वर्षाच्या वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, मुलं ११२. ग्रुप सूचनांसाठी काढला होता आणि सूचनांपुरताच उरला. 'उद्याचा तास नऊऐवजी दहाला' एवढं टाकलं की 'ओके मॅम', 'ओक्के मॅम', 'नोटेड मॅम' अशी रांग लागते. मूळ सूचना शोधायला मलाच वर सरकत जावं लागतं.

गेल्या आठवड्यात ठरवलं की इथे जरा अभ्यासाचं बोलू. प्रश्न टाकला: एका कंपनीत दहा माणसं. नऊ जणांचा पगार जवळपास सारखा, मालकाचा त्यांच्या पन्नासपट. 'इथला साधारण पगार किती' हे सांगायला मीन (सगळ्यांची बेरीज भागिले माणसं) घ्याल की मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा)? का? रात्रीपर्यंत १०९ जणांनी वाचलं होतं. उत्तर एकही नाही. एकाने अंगठा दिला. तो कशाला दिला ते त्यालाच ठाऊक.

आता विभागप्रमुख म्हणतात इन्स्टाग्रामवर पेज काढा, मुलं तिथेच असतात. एका सहकाऱ्याचं यूट्यूब चॅनल जोरात चाललंय. मला दोन्हीची हौस नाही, पण मुलं बोलती होणार असतील तर करेन. कोणी खरंच केलंय का हे? म्हणजे सूचना नव्हे, शिकवणं. आणि केलं असेल तर रात्री झोप लागते का?

पेनड्राइव्ह | ३ ऑगस्ट, २१:४९

ओके मॅम.

अधोरेखित | ३ ऑगस्ट, २१:५०

@पेनड्राइव्ह, हे येणार हे माहीत होतंच. सात मिनिटं लागली.

तर्कटराव | ३ ऑगस्ट, २२:१५

बत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. ज्याला शंका असायची तो तास संपल्यावर टेबलापाशी थांबायचा किंवा स्टाफरूमच्या दारात घुटमळायचा. ज्याला नसायची तो घरी जायचा. वर्गात न बोलणारा मुलगा फोनवर बोलेल ही अपेक्षा मुळात का? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? माध्यम बदललं म्हणून जिज्ञासा उगवत नाही.

शेवटचा_बाक | ३ ऑगस्ट, २२:३८

मी विद्यार्थी आहे (तुमचा नाही, बहुतेक). मॅम, उत्तर आलं नाही असं नाही. ते दुसऱ्या ग्रुपवर आलं असेल.

प्रत्येक वर्गाचे दोन ग्रुप असतात. एक मॅमसकट, एक मॅमविना. पहिल्यावर ओके मॅम. दुसऱ्यावर 'अरे ते मीडियन का येतंय कोणी सांगा ना', मग भांडण, मग कोणीतरी वहीचा फोटो टाकतो, मग दुसरा म्हणतो तुझं चुकलंय. अभ्यास तिथे होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री तर तिथे जेवढं शिकतो तेवढं सबंध सत्रात शिकत नाही.

तुमच्या ग्रुपवर कोणी का बोलत नाही तेही सांगतो. वर्गात चुकीचं बोललो तर चार जण हसतात आणि विषय संपतो. ग्रुपवर चुकीचं लिहिलं तर त्याचा स्क्रीनशॉट होतो. पहिल्या वर्षी मी एका सरांच्या ग्रुपवर मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं की शून्याने भागलं की शून्य येतं. त्याचा स्टिकर झालाय. माझ्या फोटोसकट. आता आमच्या ज्युनियरांकडेही आहे, आणि मी त्यांना ओळखतही नाही.

तर्कटराव | ३ ऑगस्ट, २२:४४

हे मात्र मला नवीन आहे. स्टिकर म्हणजे नक्की काय?

पेनड्राइव्ह | ३ ऑगस्ट, २२:४७

राव, पूर्वी बाकावर कर्कटकाने नाव कोरायचे ना, तेच. फक्त आता बाक प्रत्येकाच्या खिशात असतो.

अधोरेखित | ३ ऑगस्ट, २२:५५

@शेवटचा_बाक, हा मॅमविना ग्रुप माझ्याही वर्गाचा असणार, हे कधी डोक्यातच आलं नाही. त्याचं नाव काय असतं साधारण?

शेवटचा_बाक | ३ ऑगस्ट, २२:५६

ते नको मॅम.

सरासरी_माणूस | ४ ऑगस्ट, ००:१२

वेबसाइटी बांधण्याच्या धंद्यातून आलोय म्हणून थोडी भर. वेबसाइटी वापरायला सोप्या कशा कराव्यात याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नीलसनने २००६ साली ऑनलाइन समुदायांबद्दल एक ढोबळ नियम मांडला होता, ९०-९-१. शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून काही लिहितात, आणि बहुतेक सगळा मजकूर उरलेल्या एकाचा असतो. तुमच्या ११२ मध्ये बोलणारा निघायचा तर सव्वा मुलगा निघेल. तेव्हा वर्ग बिघडलाय असं समजू नका. कुठलाही गट असाच वागतो. या धाग्याचीच वाचनं आणि प्रतिसाद ताडून पाहा.

अधोरेखित | ४ ऑगस्ट, ०८:०५

सव्वा नाही हो, १.१२. (सवय.)

पण मुद्दा पटला. फक्त वर्ग हा हौशी लोकांचा समुदाय नसतो ना. उरलेल्या नव्वदांची उत्तरपत्रिकाही मलाच तपासायची असते.

मूकवाचक | ४ ऑगस्ट, ०९:२०

त्या नव्वदांतला मी. वाचतोय.

खडूची_धूळ | ४ ऑगस्ट, १३:३४

मी केलंय, तीन वर्षं. सविस्तर लिहिते, कारण सुरुवातीच्या चुका सांगितल्या तर तुमच्या वाचतील.

विषय जीवशास्त्र, प्रथम वर्ष, दीडशेच्या आसपास मुलं. आधी व्हॉट्सअॅपवर पोल घेतला. तिथे कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसत होतं. पहिल्या हुशार मुलीने 'ब' निवडला आणि मागून सगळ्यांनी 'ब'. उत्तर 'ड' होतं. मेंढरं म्हणून चिडले, पण दोष माझा होता.

मग टेलिग्रामवर गेले. तिथल्या पोलमध्ये क्विझचा प्रकार २०२० पासून आहे: नाव दिसत नाही, बरोबर पर्याय आधीच लावून ठेवायचा, आणि चुकलेल्याला तिथल्या तिथे दोन ओळींचं स्पष्टीकरण दाखवता येतं. आठवड्याला चारच प्रश्न. खरी मेहनत चुकीचे पर्याय तयार करण्यात असते. मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका घेऊन बसले आणि मुलं नेहमी जिथे घसरतात तीच वाक्यं पर्याय म्हणून घातली. 'वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि श्वसन फक्त रात्री' हे एक. निम्म्याहून जास्त वर्ग त्यात सापडतो, दरवर्षी.

दुसऱ्या दिवशी तास पोलच्या निकालाच्या आलेखापासूनच सुरू. उत्तर सांगायचं नाही. शेजाऱ्याला पटवा, दोन मिनिटं. मग पुन्हा हात वर. ही कल्पना माझी नाही. हार्वर्डमध्ये एरिक माझुर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक १९९० च्या दशकापासून असं शिकवत आले आहेत. पण त्या दोन मिनिटांत वर्गात जो कलकलाट होतो तो मला फोनवर कधीच मिळाला नाही. फोनवर मिळतं ते एवढंच की कुठे घसरतायत हे मला आदल्या रात्री कळतं.

न जमलेलं: खुली चर्चा. टेलिग्राम गटातही कोणी बोललं नाही. शेवटी गट बंद करून फक्त चॅनल ठेवलं, जिथे मी एकटीच लिहिते.

तर्कटराव | ४ ऑगस्ट, १४:०२

माझुर यांच्याबद्दल मीही वाचलंय. सुरुवातीला त्यांच्याकडे मुलं अक्षरं लिहिलेली कार्डं वर धरायची. म्हणजे पुठ्ठ्यावरही भागतं. माझा मुद्दा शाबूत.

खडूची_धूळ | ४ ऑगस्ट, १४:१०

शाबूत आहेच हो राव. पण पुठ्ठा रात्री नऊ वाजता बसमधून वर धरता येत नाही.

वेलांटी | ४ ऑगस्ट, १६:४५

भाषा शिकवते. 'अनुभव सोडा, अभ्यास काय सांगतात' असं कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच.

रे जंको आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एका विद्यापीठात केलेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. प्रथम वर्षाचे १२५ विद्यार्थी. त्यांतल्या ७० जणांसाठी एक सत्रभर ट्विटर हा अभ्यासाचा भाग केला: चर्चा, शंका, कामांची आठवण करून देणं, वाचनावरच्या गप्पा. उरलेले ५५ ट्विटरविना. ट्विटरवाल्यांचा सहभाग वाढला, आणि गुणांकात सरासरी अर्ध्याच्या आसपास फरक पडला, चारच्या मापावर. लोक इथपर्यंतच वाचतात आणि पेज काढतात. त्याच जंकोने २०१३ च्या लेखात पुढचं सांगितलंय: वापर अभ्यासक्रमात आवश्यक म्हणून बांधलेला हवा आणि शिक्षक स्वतः त्यात उतरलेले हवेत, नाहीतर हा फायदा दिसत नाही. 'मुलं तिथे असतात म्हणून आपणही तिथे जाऊ' याला त्यात आधार सापडत नाही.

उलट बाजूचाही एक आहे. कर्शनर आणि कार्पिन्स्की, २०१०, २१९ विद्यार्थी. फेसबुक वापरणाऱ्यांनी स्वतःचे जे गुण आणि अभ्यासाचे जे तास सांगितले, ते दोन्ही न वापरणाऱ्यांपेक्षा कमी होते.

अधोरेखित | ४ ऑगस्ट, १७:०३

दुसऱ्या अभ्यासावरून मात्र 'फेसबुकमुळे गुण कमी झाले' असं म्हणता येत नाही. अभ्यासाचा कंटाळा असणारा फेसबुककडे वळला असेल. शिवाय सगळं त्यांनीच सांगितलेलं. हा नमुना मी वर्गात वापरणार, धन्यवाद!

पहिल्याबद्दलही एक शंका. ट्विटरमुळे गुण वाढले, की शिक्षक सत्रभर मुलांशी बोलत राहिले म्हणून वाढले? तेवढा वेळ कोणी चिठ्ठ्या लिहिल्या असत्या तर?

तर्कटराव | ४ ऑगस्ट, १७:०५

वा! पुठ्ठा, चिठ्ठ्या. आपली गाडी योग्य रस्त्याला लागतेय.

गोगलगाय | ५ ऑगस्ट, १०:३०

सगळे प्रतिसाद वाचले. एका गोष्टीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी शिक्षक नाही, मुलगी कॉलेजात आहे.

वर्गाचा ग्रुप म्हणजे ११२ जणांना ११२ फोन नंबर वाटणं. माझ्या मुलीचा नंबर असाच एका वर्गाच्या ग्रुपमधून बाहेर गेला. अनोळखी नंबरांवरून रात्री-बेरात्री मेसेज यायला लागले. तिने ग्रुप सोडला. त्याच आठवड्यात परीक्षेच्या अर्जाची मुदत बदलल्याची सूचना फक्त त्या ग्रुपवर आली. उशिराचं शुल्क भरावं लागलं ते वेगळंच, पण 'ग्रुप का सोडलास' म्हणून चार लोकांसमोर विचारलं गेलं, आणि तिला उत्तर देता आलं नाही.

मुलं बोलती कशी करायची हा प्रश्न चांगलाच आहे. पण त्या ग्रुपमध्ये असण्याला तिची संमती कोणी विचारली होती?

अधोरेखित | ५ ऑगस्ट, १०:५२

नव्हती विचारली. मीही माझ्या वर्गाला विचारली नाही. हजेरीपटावरून नंबर घेतले आणि जोडत गेले.

वाईट वाटलं वाचून. मुलगी आता बरी आहे ना?

गोगलगाय | ५ ऑगस्ट, ११:०४

हो, आता ठीक आहे. नंबर बदलला.

सरासरी_माणूस | ५ ऑगस्ट, ११:४०

तांत्रिक भर घालतो. व्हॉट्सअॅपवर २०२२ च्या नोव्हेंबरपासून कम्युनिटी हा प्रकार आहे. त्यातल्या घोषणांच्या ग्रुपवर फक्त अॅडमिन लिहितात आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, अॅडमिनला दिसतात. साध्या ग्रुपातही 'फक्त अॅडमिननेच लिहावं' ही सोय आहे, ओके मॅमचा बंदोबस्त होईल. पण नंबर उघडेच राहतात. टेलिग्रामवर नंबर मुळातच फक्त आपण संपर्क यादीत घेतलेल्यांना दिसतो, आणि सेटिंगमध्ये जाऊन तो सगळ्यांपासून झाकताही येतो.

माझं मत विचाराल तर गुण, मुदती, अर्ज, जे काही सक्तीचं असेल ते संस्थेच्या अधिकृत जागी. मूडल ही अभ्यासक्रम ऑनलाइन चालवायची प्रणाली २००२ पासून आहे, फुकट आहे, दिसायला कुरूप आहे, पण तिथे कोणी रात्री मेसेज करत नाही.

पेनड्राइव्ह | ५ ऑगस्ट, १२:१५

मूडलवर कोणीच काही करत नाही, रात्री काय नि दिवसा काय.

वातावरण फार गंभीर झालंय म्हणून माझी एक कबुली. मी अर्थशास्त्र शिकवतो. एकदा बाहेरून बायकोला मेसेज केला, 'चादरी गच्चीवर वाळत घातल्यात, पाऊस आला तर काढून घे.' गेला तृतीय वर्षाच्या ग्रुपवर. माझ्या लक्षात येईपर्यंत तेवीस जणांनी लिहिलं होतं, 'ओके सर'. एकाने विचारलं, 'सर, हे परीक्षेला आहे का?'

मूकवाचक | ५ ऑगस्ट, १२:१८

आणि चादरी?

पेनड्राइव्ह | ५ ऑगस्ट, १२:२०

भिजल्या.

घड्याळजी | ५ ऑगस्ट, २१:१०

आमच्याकडे डिस्कॉर्डचा (गटागटाने गप्पा मारायचं अॅप, तिथल्या गटाला सर्व्हर म्हणतात) प्रयोग झाला. संगणकशास्त्र विभाग, त्यामुळे मुलं आधीपासूनच तिथे होती (गेम खेळायला). सर्व्हर मुलांनीच काढला, मला पाहुणा म्हणून बोलावलं. विषयवार खोल्या, टोपणनावं चालतात. 'मूर्ख प्रश्न' नावाची एक खोली होती आणि सगळ्यांत चांगले प्रश्न तिथे आले. त्या खोलीत उत्तर द्यायची मला मनाई होती. पहिले चोवीस तास मुलंच एकमेकांना उत्तरं देणार, मग मी. हा नियमही त्यांचाच.

टिकलं दोन वर्षं. चालवणारी तिघं पास होऊन गेली आणि सर्व्हर थंडावला. विभागाने नवीन सर्व्हर 'अधिकृतपणे' काढला, नियमावली चिकटवली, तीन प्राध्यापकांना मॉडरेटर नेमलं. काय झालं असेल ते सांगायला नको.

सरासरी_माणूस | ५ ऑगस्ट, २१:३३

फेसबुकचंही तेच. २००४ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालं, मग इतर कॉलेजं, मग शाळा, आणि २००६ च्या सप्टेंबरात तेरा वर्षांवरच्या सगळ्यांना खुलं झालं. काका-मावश्या आल्या आणि भाचे मागच्या दाराने निघून गेले. विभागप्रमुखांना सांगा, आपण इन्स्टावर पोचेपर्यंत मुलं आणखी कुठेतरी गेलेली असतील.

वेलांटी | ५ ऑगस्ट, २२:०१

@घड्याळजी, टोपणनावाचा मुद्दा मोठा आहे, पण मी थोडी असहमत. टोपणनावाने प्रश्न येतात तशी बोचरी शेरेबाजीही येते. आमच्याकडे एका नवीन सहकाऱ्याच्या उच्चारांवरून एका अनाम पेजवर इतकं लिहिलं गेलं की त्याने सत्राच्या मध्येच राजीनामा दिला. मुलं म्हणाली गंमत होती.

घड्याळजी | ५ ऑगस्ट, २२:२०

दोन्हींत फरक आहे. आमच्या सर्व्हरवर टोपणनाव असलं तरी ते कोणाचं, हे चालवणाऱ्या तिघांना माहीत असायचं. मला नाही.

वेलांटी | ५ ऑगस्ट, २२:२६

म्हणजे विश्वास तिघांवर, आणि ते तिघे वीस वर्षांचे. तुमचं नशीब चांगलं होतं, एवढंच म्हणेन.

घड्याळजी | ५ ऑगस्ट, २२:३१

वीस वर्षांच्या मुलांवर विश्वास टाकणं म्हणजे नशिबाचा खेळ असेल, तर आपण शिकवतो कशाला?

तर्कटराव | ५ ऑगस्ट, २२:४०

दोघांनीही हलकं घ्यावं. माझ्या मते दोघंही बरोबर आहात, आणि हे मी सहसा कोणाला म्हणत नाही.

शेवटचा_बाक | ६ ऑगस्ट, ००:५५

एक राहिलं. सगळ्यांकडे सगळं असतं असं धरू नका. माझ्या खोलीतला मित्र इन्स्टावर नाही. तत्त्व वगैरे काही नाही, फोनमध्ये जागा नाही. एका विषयाला रील करायचं असाइनमेंट होतं, दहा गुणांचं. त्याने माझ्या फोनवर, माझ्या खात्यावरून केलं. सात मिळाले. मला नऊ. लाइक जास्त होते म्हणून.

अधोरेखित | ६ ऑगस्ट, ०७:४८

लाइकवरून गुण? हे खरंच झालंय?

शेवटचा_बाक | ६ ऑगस्ट, ०७:५९

'पोहोच' असा निकष होता मॅम. तीन गुण.

वेलांटी | ६ ऑगस्ट, १३:१७

अवांतर, पण इथेच बसतं. मी इन्स्टाऐवजी विकिपीडिया वापरते. मराठी विकिपीडिया २००३ च्या मे महिन्यापासून आहे आणि तिथल्या कित्येक लेखांना चार ओळींच्या पुढे कोणी नेलेलं नाही. दोघांत मिळून एक लेख वाढवायचा, प्रत्येक वाक्याला संदर्भ द्यायचा. कोणीतरी अनोळखी माणूस येऊन तुमचं वाक्य उडवतो, का उडवलं ते लिहितो, आणि तुम्हाला त्याला नीट उत्तर द्यावं लागतं. लिहायला शिकवायचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

सावधगिरीही सांगते. २०११ साली विकिमीडियाने (विकिपीडिया चालवणारी संस्था) भारतातल्या काही महाविद्यालयांत असाच मोठा उपक्रम काढला होता, इंग्रजी विकिपीडियावर. मुलांनी पुस्तकांतून, संकेतस्थळांवरून उतारेच्या उतारे चिकटवले, स्वयंसेवक निस्तरता निस्तरता थकले, आणि उपक्रम त्याच वर्षी थांबवावा लागला. म्हणून माझ्याकडे पहिले तीन आठवडे कोणी विकिपीडियाला हात लावत नाही. फक्त एक परिच्छेद स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायचा. त्यातच निम्मे दमतात.

तर्कटराव | ६ ऑगस्ट, १३:२५

वहीत! अनुमोदन.

अधोरेखित | ६ ऑगस्ट, २०:३०

सगळ्यांचे आभार. इन्स्टाचा विचार सोडला. डोक्यात एक शिजतंय, करून बघते आणि येऊन सांगते.

मूकवाचक | १९ ऑगस्ट, ११:०२

धागा वर काढतोय. काय शिजलं?

अधोरेखित | २८ ऑगस्ट, २२:१९

आले. परीक्षा मध्ये आल्या म्हणून उशीर.

ग्रुप बंद केला. घोषणांपुरती कम्युनिटी ठेवली, ज्यांना तिथेही यायचं नाही त्यांच्यासाठी तीच सूचना मूडलवर आणि फलकावर. संमतीचा कागद वाटला. नऊ जणांनी नकार दिला. एकालाही कारण विचारलं नाही. @गोगलगाय, तो कागद तुमच्यामुळे.

मग मुलांना सांगितलं, तुम्ही दिवसभर जे स्क्रोल करता त्यातली एक आकडेवारी आणा. आलेख, टक्केवारी, पोल, काहीही. जोडीने यायचं, कागदावर छापून किंवा हाताने काढून. त्यात काय खटकतं ते तीन मिनिटांत सांगायचं. कोणी खातं उघडायचं नाही, कोणी काही पोस्ट करायचं नाही.

छप्पन्न जोड्या. सदतीस आल्या. बाकीच्यांना दामटलं नाही.

बहुतेकांनी उभा अक्ष शून्यापासून सुरू न होणारे आलेख आणले, ते अपेक्षित होतं. एका जोडीने अॅपची जाहिरात आणली, 'दुप्पट वेगाने', आणि विचारलं, 'कशाच्या दुप्पट?' पण एक मुलगी, जिचा आवाज मी दीड वर्षांत ऐकला नव्हता, तिने स्वतःच्याच इन्स्टा स्टोरीवरचा पोल आणला. 'परीक्षा ऑनलाइन हव्यात का?' ९२ टक्के हो. ती म्हणाली, 'मॅम, हे साठ जणांनी भरलंय, साठही माझ्या ओळखीचे आहेत, आणि मला फॉलो करणारे माझ्यासारखेच आळशी आहेत.' वर्ग हसला. तीही हसली.

तिथून १९३६ च्या लिटररी डायजेस्टवर गेले. अमेरिकेतलं साप्ताहिक, अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज, सुमारे २४ लाख लोकांची उत्तरं हातात, आणि लँडन जिंकणार असं छापलं. जिंकले रूझवेल्ट, तेही दणदणीत. नावं घेतली होती फोनच्या डिरेक्टऱ्यांतून आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, तेही मंदीच्या काळात, म्हणजे बहुतेक पैसेवाल्यांचीच. शिवाय ज्यांना कळवायची हौस त्यांनीच कळवलं. हा धडा मी दरवर्षी घेते आणि दरवर्षी तिसऱ्या बाकानंतर जांभया सुरू होतात. यंदा मागून आवाज आला, 'म्हणजे डायजेस्टचे पण फॉलोअर्सच होते.' एवढं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

सगळं छान झालं असं नाही. पाच जोड्यांनी एकच आलेख आणला. एकाने 'फसवे आलेख' असं शोधून पहिलंच चित्र छापून आणलं, खाली संकेतस्थळाचं नाव तसंच. रात्रीचे वैयक्तिक मेसेज थांबलेले नाहीत. सात वाजता फोन बाजूला ठेवते, सकाळी उत्तर देते. विभागप्रमुख अजून पेजबद्दल विचारतात.

तर्कटराव | २८ ऑगस्ट, २२:५०

कागदावर छापून! माझा विजय झाल्यासारखं वाटतंय, पण नक्की कशात ते कळत नाहीये. ती साठ फॉलोअर्सवाली मुलगी माझ्या वर्गात असती तर निवृत्ती लांबवली असती.

खडूची_धूळ | २९ ऑगस्ट, ०९:१४

हे चोरतेय. जीवशास्त्रात तर 'सात दिवसांत' वाल्या दाव्यांचा खजिनाच आहे.

पेनड्राइव्ह | २९ ऑगस्ट, ०९:४०

सगळं झालं, पण त्या दहा जणांच्या पगाराचं काय? १०९ जणांनी वाचलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणीच दिलेलं नाही. इथेही नाही. मला येत नाही म्हणून विचारत नाहीये.

शेवटचा_बाक | २९ ऑगस्ट, २३:२१

मी देतो. मीडियन. मालकाचा एक आकडा मीनला ओढून नेतो, मीडियनला ढिम्म फरक पडत नाही. उदाहरण पगाराचं कशाला, आमच्या ग्रुपचं घ्या. मागच्या महिन्याचं एक्सपोर्ट करून मोजलं. सरांचे मेसेज आणि ओके सर वगळून मुलांचे ३०६ मेसेज, मुलं १०२. मीन ३. म्हणजे वाटतं, वा, प्रत्येक मुलगा महिन्यात तीनदा बोलला. त्यातले २८८ आमच्या दोन सीआरचे (वर्गप्रतिनिधींचे) आहेत. मीडियन शून्य.

अधोरेखित | ३० ऑगस्ट, ०७:३५

पूर्ण गुण! आणि उदाहरण माझ्यापेक्षा चांगलं. हे तुमच्या ग्रुपवर का नाही टाकत? सरांना आनंद होईल.

शेवटचा_बाक | ३० ऑगस्ट, ०७:४१

स्टिकर, मॅम.